निष्ठेची मोजदाद

गेल्या मे महिन्यात माझी मोठी बहीण, आमची अक्का, अंगणवाडी मदतनीस म्हणून निवृत्त झाली. एक गाव, एक अंगणवाडी, २७ वर्षं. शाळेच्या व्हरांड्यात निरोपाचा छोटासा कार्यक्रम झाला. साडी, नारळ, हार. सरपंच बोलले, मुख्याध्यापक बोलले, कार्यालयातून आलेले साहेब बोलले. प्रत्येकाच्या भाषणात एक शब्द न चुकता येत होता : निष्ठा. अक्कानं किती निष्ठेनं काम केलं, पावसापाण्यात कधी अंगणवाडी बंद ठेवली नाही, स्वतःच्या घरात दुखणं असताना गावच्या पोरांना खिचडी रांधून घातली. अक्का पदर सावरत, मान खाली घालून ऐकत होती.

पुढच्या आठवड्यात ती कागदपत्रांसाठी कार्यालयात गेली. तिथं तिला कळलं की सुरुवातीच्या ६ वर्षांची हजेरीपत्रकं सापडत नाहीत. "सेवा २१ वर्षांचीच धरावी लागेल, बाई." म्हणजे भाषणात निष्ठा २७ वर्षांची आणि कागदावर सेवा २१ वर्षांची!

त्या रात्री आम्ही सगळे अक्काच्या घरी होतो. तिचा मुलगा कोल्हापुरात नोकरीला आहे. कोल्हापूरचं फुटबॉलवेड आपल्याला माहीत आहे. पेठापेठांतले, तालमीतालमींचे संघ, आणि सामना असला की शाहू स्टेडियमवर जत्रेसारखी गर्दी. आमचा भाचाही त्यातलाच. आईचा उतरलेला चेहरा बघून, विषय बदलावा म्हणून तो मला म्हणाला, "मावशी, एकाच जागी आयुष्य काढणारी माणसं असतातच. इंग्लंडात एक खेळाडू होता. खालच्या लीगमधला साधा क्लब. त्या एका क्लबकडून तो २० वर्षांत ७७० लीग सामने खेळला."

स्वयंपाकघरातून अक्काचा आवाज आला, "मोजले कुणी?"

भाचा हसला. मला मात्र हसू आलं नाही. अक्काच्या या एका प्रश्नामुळे मी पुढचे दोन महिने फुटबॉलबद्दल वाचत बसले. ज्या खेळातलं मला काहीच कळत नव्हतं, त्यात मला आपल्याच कामाचा आणि निवृत्तीचा प्रश्न सापडला. मैत्रिणींनो, तो तुमच्यापुढे मांडते.

त्या खेळाडूचं नाव जॉन ट्रोलोप. स्विंडन नावाचं रेल्वे कारखान्याचं गाव आहे, तिथल्या स्विंडन टाऊन क्लबचा तो बचावपटू. इंग्लंडात फुटबॉलच्या क्लबांची उतरंड असते. सगळ्यात वरच्या विभागात पैसा, प्रसिद्धी, मोठमोठी मैदानं. त्याखाली दुसरा, तिसरा, चौथा विभाग. ट्रोलोपचा क्लब त्याच्या काळात दुसऱ्या आणि तिसऱ्या विभागात वरखाली होत राहिला. तो १९६० साली पहिला सामना खेळला आणि १९८० साली थांबला. १९६९ मध्ये, तिसऱ्या विभागात असताना, या क्लबनं लीग कपच्या अंतिम सामन्यात वेंब्लीवर आर्सेनलसारख्या बड्या क्लबला ३-१ असं हरवलं. ट्रोलोपच्या खेळातला तो एक सोनेरी दिवस. बाकीची वर्षं म्हणजे चिखलातली मैदानं, मध्यम गर्दी आणि पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. एकाच क्लबकडून ७७० लीग सामने हा तिथला विक्रम आहे. त्याला एम. बी. ई. हा किताब मिळाला. खेळणं थांबल्यावर दोनेक वर्षं त्यानं त्याच क्लबची व्यवस्थापकी केली. क्लब चौथ्या विभागात घसरला, ते पद गेलं. तरीही पुढे तो त्याच क्लबच्या तरुण मुलांना शिकवत राहिला.

या माणसाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. वरच्या पायरीवर न पोचताही आपलं काम इमानानं करत राहणारी माणसं मला जवळची वाटतात. आपल्यापैकी बहुतेक जणी त्याच पायरीवरच्या. पण मुद्दा असा की खालच्या लीगमधल्या या माणसाची निष्ठा शेवटच्या आकड्यापर्यंत मोजलेली आहे. ७७१ नाही, ७६९ नाही, ७७०. कारण तो ज्या व्यवस्थेत खेळला ती पुरुषांच्या खेळाची अधिकृत व्यवस्था होती. प्रत्येक सामन्याला पंच, प्रत्येक सामन्याची नोंद, प्रत्येक नोंदीची वही आणि वही जपणारी संस्था. तिसरा विभाग झाला तरी तो उतरंडीच्या आतच होता.

उतरंडीच्या बाहेर ठेवलेल्यांचं काय झालं?

हे शोधताना मला लिली पार भेटली. १९०५ साली इंग्लंडच्या लँकेशर परगण्यात, सेंट हेलेन्स या काचकारखान्यांच्या गावात मजुराच्या घरी जन्मली. सात भावंडं. भावांबरोबर गल्लीत फुटबॉल खेळत वाढली. त्या काळात पहिल्या महायुद्धामुळे पुरुष आघाडीवर गेले होते आणि कारखान्यांत दारूगोळा बनवायला बायका आल्या होत्या. प्रेस्टन गावच्या 'डिक, कर' या कारखान्यातल्या बायका जेवणाच्या सुट्टीत फुटबॉल खेळत, त्यातून संघ उभा राहिला. १९१७ च्या नाताळच्या दिवशी त्यांनी जखमी सैनिकांच्या रुग्णालयासाठी पहिला मोठा सामना खेळला, तेव्हा १०,००० माणसं बघायला आली. लिली १९२० मध्ये या संघात आली, तेव्हा तिचं वय जेमतेम पंधरा. डाव्या बाजूनं खेळायची आणि तिच्या लाथेचा जोर पुरुषांना अचंबित करायचा.

त्याच वर्षी २६ डिसेंबरला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर या बायकांचा सामना झाला. ५३,००० माणसं आत होती आणि हजारो माणसं जागा नाही म्हणून दाराबाहेरून परतली. त्या एका सामन्यातून धर्मादाय कामासाठी ३,००० पौंडांहून जास्त निधी जमला. १९२१ साली खाणमालकांनी कामगारांना कामावरून बंद केलं, तेव्हा खाणकामगारांच्या उपाशी कुटुंबांसाठीही बायकांचे सामने झाले.

आणि ५ डिसेंबर १९२१ ला तिथल्या फुटबॉल असोसिएशननं ठराव केला की फुटबॉल हा खेळ बायकांना मुळीच साजेसा नाही, त्याला उत्तेजन देऊ नये. असोसिएशनच्या क्लबांनी आपली मैदानं बायकांच्या सामन्यांना देऊ नयेत. शरीराला अपाय होतो असं सांगणारे डॉक्टरही तत्परतेनं पुढे आले. आपल्याला यात नवीन काय? पण ठरावातलं दुसरं कारण मला जास्त बोलकं वाटतं. जमलेल्या पैशातला बराच भाग खर्चापायी जातो, सगळा धर्मादायाला पोचत नाही, अशी तक्रार त्यात होती.

हा खर्च कोणता? या बायकांना सामन्यामागे १० शिलिंग मिळत. बुडालेला कामाचा रोज आणि प्रवास यापोटी. वीस शिलिंगांचा एक पौंड. म्हणजे अकरा जणींचे मिळून साडेपाच पौंड. ३,००० पौंड गोळा करणाऱ्या संघातल्या बायकांच्या हातात साडेपाच पौंड पडले की ते डोळ्यांवर येतात! बाईनं सेवा करावी ती फुकट. पैशाला हात लावला की तिच्या हेतूवर शंका.

आपल्याकडे यालाच 'मानधन' म्हणतात. एकात्मिक बालविकास योजना १९७५ साली सुरू झाली, तेव्हापासून अंगणवाडीतल्या बायकांना जे दिलं गेलं त्याला पगार म्हटलं गेलं नाही. पगार म्हटला की नोकरी म्हणावी लागते, नोकरी म्हटली की नोंद ठेवावी लागते, निवृत्तीनंतरचं देणं मानावं लागतं. मानधन म्हटलं की सगळं सुटसुटीत. मान द्यायचा आणि बाकी हिशेब मिटवायचा. १९२१ चे १० शिलिंग आणि अक्काचं मानधन ही मला एकाच जातीची नाणी वाटतात.

बंदीनंतर बरेच संघ मोडले. 'डिक, कर'च्या बायका मात्र खेळत राहिल्या. रग्बीची मैदानं, बागा, मोकळी रानं, जे मिळेल तिथं. १९२२ मध्ये अमेरिकेत गेल्या, तिथं समोर बायकांचे संघच नव्हते, म्हणून पुरुषांशी खेळल्या. पुढे कारखान्याशी बिनसलं, संघाचं नाव बदलून प्रेस्टन लेडीज झालं, पण लिली तिथंच राहिली. पोटासाठी तिनं प्रेस्टनजवळच्या व्हिटिंगहॅम मनोरुग्णालयात परिचारिकेचं काम धरलं. आठवडाभर रुग्णांची सेवा आणि सुट्टीच्या दिवशी सामना. १९४६ मध्ये ती कर्णधार झाली. १९५१ साली, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, तिनं खेळणं थांबवलं. एका संघात ३१ वर्षं. ट्रोलोपपेक्षा अकरा वर्षं जास्त.

तिचे सामने किती? गोल किती? कुणी ९०० च्या वर म्हणतं, कुणी १,००० च्या जवळ म्हणतं. ट्रोलोपसारखा एक ठाम आकडा तिच्या नावापुढे नाही. कारण १९२१ नंतरचा तिचा बहुतेक खेळ हा अधिकृत खेळच नव्हता! पंच अधिकृत नाही, मैदान अधिकृत नाही, मग गोल कुठून अधिकृत होणार? चेंडू जाळ्यात गेला, लोकांनी पाहिला, टाळ्या वाजवल्या आणि वहीत तो गेलाच नाही.

म्हणून मला वाटतं, निष्ठा हा शब्द ऐकला की आपण बायकांनी जरा सावध व्हावं. या शब्दाला दोन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : दार उघडं होतं का? ट्रोलोपनं १९६० मध्ये सुरुवात केली, तेव्हा इंग्लंडात व्यावसायिक खेळाडूच्या पगाराला आठवड्याला २० पौंडांची कमाल मर्यादा होती. खेळाडूंच्या संघटनेनं संपाची तयारी केली, तेव्हा १९६१ मध्ये ती उठली. शिवाय करार संपला तरी क्लब खेळाडूची नोंदणी आपल्याकडे अडकवून ठेवू शकत असे, त्याला दुसरीकडे खेळता येत नसे. जॉर्ज ईस्टहॅम नावाच्या खेळाडूनं याविरुद्ध दावा लावला आणि १९६३ मध्ये न्यायालयानं सांगितलं की ही पद्धत माणसाच्या रोजगारावर अवाजवी बंधन घालते. म्हणजे त्याआधीच्या कितीतरी खेळाडूंची 'निष्ठा' ही क्लबच्या कुलपाची करामत होती. ट्रोलोपला क्लब सोडायचा होता असं मी म्हणत नाही. १९६३ नंतरही तो १७ वर्षं तिथंच राहिला, त्याअर्थी ते त्याला मनापासून हवं होतं. पण कुलूप निघाल्यावरच राहण्याला निष्ठा म्हणता येतं, त्याआधी नाही.

ही गोष्ट आपल्याइतकी कुणाला कळणार? ज्या बाईच्या नावावर घर नाही, हातात पैसा नाही, माहेरचं दार बंद आहे, ती नवऱ्याच्या घरात चाळीस वर्षं काढते आणि तिच्या तेराव्याला तिच्या निष्ठेचे गोडवे गायले जातात. तिला जायला जागा होती का, हे कुणी विचारत नाही. लिलीची गोष्ट उलट्या बाजूची. तिला कुणी आत कोंडलं नव्हतं, बाहेर काढलं होतं. ज्या खेळानं तिच्या तोंडावर दार लावलं, त्याच खेळाशी ती ३१ वर्षं इमान राखून राहिली.

दुसरा प्रश्न अक्काचा : मोजले कुणी? ज्याची नोंद नाही त्याचा हक्क सांगता येत नाही. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं गुजरातमधल्या अंगणवाडीतल्या बायकांच्या बाजूनं निकाल दिला की अंगणवाडी कार्यकर्ती आणि मदतनीस यांना १९७२ चा ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो. मोठा निकाल आहे, वर्षानुवर्षांच्या लढ्यानंतर आलेला. या कायद्यात सेवेच्या दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार असा हिशेब होता. पण वर्षं मोजायची कशावरून? हजेरीपत्रकावरून. ते उंदरांनी खाल्लं, पावसात भिजलं, कार्यालय हलवताना हरवलं, तर कायदा हातात असून उपयोग काय? अक्काची ६ वर्षं अशी वाहून जायच्या बेतात आहेत.

खेळाडूच्या निवृत्तीची आणखी एक बाजू आहे, तिच्याकडे बघितलं की मोजदादीची ही गोष्ट घरात शिरते. जुन्या फुटबॉलपटूंनी जड चेंडू वर्षानुवर्षं डोक्यानं मारले. वेस्ट ब्रॉमिच अल्बियनचा प्रसिद्ध खेळाडू जेफ अ‍ॅस्टल २००२ साली वारला, वय ५९. त्याचा मेंदू झिजला होता आणि चेंडू डोक्यानं मारण्यामुळे ते झालं, हा धंद्यातून आलेला आजार आहे, असं मृत्यूच्या चौकशीत ठरलं. २०१९ मध्ये स्कॉटलंडच्या ग्लासगो विद्यापीठाचा अभ्यास आला. इतर लोकांच्या मानानं जुने व्यावसायिक फुटबॉलपटू मेंदूच्या झिजेच्या आजारांनी मरण्याचं प्रमाण सुमारे साडेतीन पट दिसलं. जेफची बायको आणि मुली वर्षानुवर्षं हा प्रश्न धरून लढल्या, म्हणून खेळाच्या पुढाऱ्यांना त्याकडे बघावं लागलं.

आता विचार करा. खेळाडूचे सामने मोजलेले आहेत. पण स्वतःचं नाव विसरलेल्या नवऱ्याला जेवू घालणं, न्हाऊ घालणं, रात्री उठून घराबाहेर जाण्यापासून अडवणं, या सामन्यांची मोजदाद कुणाकडे आहे? त्याची निवृत्ती झाली, तेव्हा तिची पाळी सुरू झाली. निवृत्त पुरुषाचं आयुष्य या विषयावर जो कोणी लिहील त्यानं त्या घरातल्या बाईचे तासही लिहायला हवेत, नाहीतर ते लिखाण अर्धंच राहील.

आणि लिलीचं निवृत्तीनंतर काय झालं? तिनं परिचारिकेचं काम चालू ठेवलं. गूस्नार नावाच्या गावात मेरी या आपल्या सहचरीबरोबर घर करून राहिली. चारचौघींसारखं लग्न केलं नाही आणि त्याबद्दल कुणाला खुलासेही देत बसली नाही. १९६५ मध्ये खेळाडू मिळेनात म्हणून तिचा संघ बंद पडला. सुमारे ५० वर्षांनी, १९७० च्या आसपास, बायकांवरची बंदी उठली. तेव्हा लिली पासष्टीच्या घरात होती. १९७८ मध्ये ती स्तनाच्या कर्करोगानं गेली.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी मानसन्मान आले. २००२ साली इंग्लंडच्या फुटबॉल संग्रहालयाच्या मानकऱ्यांमध्ये पहिली स्त्री म्हणून तिचं नाव घेतलं गेलं. २०१९ मध्ये मँचेस्टरला तिचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. २०२२ मध्ये इंग्लंडच्या मुलींनी वेंब्लीवर युरोपचं अजिंक्यपद जिंकलं, तेव्हा मैदानात ८७,००० हून जास्त माणसं होती, आणि सगळ्यांना लिलीची आठवण झाली. छानच झालं. पण पुतळ्याला पेन्शन लागत नाही, म्हणून पुतळे उभारणं सोपं असतं, असंही माझ्या मनात आलं. मान हा मोबदल्याच्या जोडीनं यावा. त्याच्या जागी यायला लागला की समजावं, आपल्याला फसवलं जातंय.

हे नाव विस्मरणातून वर आलं कसं, तेही सांगायला हवं. असोसिएशनच्या कपाटातून ते आलं नाही. प्रेस्टनच्याच गेल न्यूशॅम या बाईनं या संघातल्या हयात म्हाताऱ्या खेळाडूंना शोधून काढलं, त्यांच्याशी बोलली, घरातले फोटो, वर्तमानपत्रांची कात्रणं जमवली आणि १९९४ साली या संघाचा इतिहास छापला. बायकांनी घरात ट्रंकेत जपलेले कागद हाच पुरावा ठरला. अधिकृत वहीनं जे टाकलं ते एका बाईनं दुसऱ्या बायांना विचारून भरून काढलं.

आता जरा अवघड बोलते. हे सगळं सरकारवर, असोसिएशनवर, पुरुषप्रधान व्यवस्थेवर ढकलून मला मोकळं होता येत नाही. कारण आपल्या संस्था-संघटनांत आपण काय करतो? प्रत्येक संघटनेत एक तरी बाई अशी असते जी वीस-पंचवीस वर्षं तिथं आहे. शिबिरात चहाचं बघते, निवाऱ्याला आलेल्या बाईबरोबर रात्री पोलीस ठाण्यात जाऊन बसते, मोर्च्याच्या आदल्या दिवशी वस्तीत घरोघर फिरते. व्यासपीठावर भाषण करणाऱ्या आम्ही, अहवालात लेख लिहिणाऱ्या आम्ही. ती खालच्या लीगमधली. प्रकल्पाचा पैसा असेल तेव्हा तिला मानधन, नसेल तेव्हा निष्ठा! मी स्वतः एका गटाचे हिशेब बरीच वर्षं पाहिले आहेत. प्रवासखर्चाच्या पावत्या आम्ही काटेकोर लावायचो, पण अशा कार्यकर्त्यांचा भविष्य निर्वाह निधी हा विषय आमच्या बैठकीत किती वेळा निघाला, हे आठवायला गेले तर मान खाली जाते.

काही जणी म्हणतील, चळवळ म्हणजे नोकरी नव्हे. असा पैपैचा, तासांचा हिशेब ठेवायला लागलो तर त्यातलं मन निघून जाईल. हा मुद्दा मला पोकळ वाटत नाही. लिली १० शिलिंगांसाठी खेळत नव्हती हे उघड आहे. अक्कानंही मानधनासाठी पोरांची नाकं पुसली नाहीत. पण नोंद ठेवल्यानं मन जातं असं असतं, तर ७७० सामने मोजले गेलेल्या माणसाचं मन कधीच उडालं असतं. त्याची २० वर्षं मोजली, आणि तरी तो क्लबच्या पोरांना शिकवायला परत गेला. मोजदादीची भीती काम करणाऱ्याला नसते. जिच्याकडून देणं निघेल त्या व्यवस्थेला ती असते. आपणही कुणाच्या तरी बाबतीत ती व्यवस्था असतो, हे विसरायला नको.

म्हणून माझी आपल्या गटांना काही साधी विनंती आहे. एक, येत्या बैठकीत आपल्या संघटनेतल्या जुन्या कार्यकर्त्यांची यादी करा. कोण कधी आली, काय काय काम केलं, ते तिलाच विचारून, तिच्या शब्दांत लिहा आणि त्यावर सही-शिक्का करून एक प्रत तिच्या हातात द्या. दोन, मानधन म्हणून जे देतो त्यातला काही भाग निवृत्तीसाठी बाजूला काढायला आजपासून सुरुवात करा, रक्कम लहान असली तरी चालेल. तीन, वस्तीतल्या अंगणवाडी मदतनीस, शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या बाया, आशा, घरकामगार यांना सांगा की आपल्या कामाची स्वतःची वही ठेवा. रुजू झाल्याचं पत्र, फोटो, बँकेचं पासबुक, जे असेल ते एका पिशवीत घाला. आणि चार, निरोप समारंभात कुणी निष्ठेचं भाषण सुरू केलं, तर समोर बसलेल्या आपल्यापैकी एकीनं उभं राहून विचारावं, "साहेब, बाईंची सेवा कागदावर किती वर्षांची लागली?"

हा चौथा मुद्दा मी अक्काच्या कार्यक्रमात करायला हवा होता. मी पहिल्या रांगेत बसले होते आणि टाळ्या वाजवत होते.

अक्काचं पुढे काय झालं? तिची एक वही निघाली. स्वयंपाकघरातल्या फळीवर, डब्यांच्या मागे. रोज किती पोरं आली, किती तांदूळ शिजवले, कोण आजारी होतं, हे तिनं पहिल्या दिवसापासून तिच्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहून ठेवलं होतं. खिचडीच्या डागांसकट सहाच्या सहा वर्षं त्यात आहेत. कार्यालयातून उत्तर आलं की ही वही अधिकृत नाही. लिलीच्या गोलांसारखीच!

पण आता आम्ही गप्प बसलेलो नाही. त्या वर्षांत अक्काच्या हातची खिचडी खाल्लेली पोरं आज बापे-बाया झाली आहेत. त्यातली एक जण गावची ग्रामपंचायत सदस्य आहे. त्या सगळ्यांची सह्यांची पत्रं जमवणं चालू आहे, संघटनेच्या ताईंनी अर्ज लिहून दिला आहे. भाचा सुट्टीला आला की आईच्या वहीची पानं मोजतो. परवा त्यानं फोनवर सांगितलं, पहिल्या वर्षात अंगणवाडी २८१ दिवस उघडी होती.

मी विचारलं, "मोजले कुणी?"

तो म्हणाला, "आईनं."